लाल धाग्याचं गठुडं

नत्थुजींच्या घरात गेल्या सत्तेचाळीस वर्षांत एकही वस्तू हरवली नव्हती. फक्त सापडत नसे, एवढंच.

ह्याचं सारं श्रेय त्यांच्या बायकोला, गोदाबाईला. परतवाड्याच्या कडेला त्यांचं दीड एकर वावर, त्यात झेंडू, शेवंती अन् बांधाच्या कडेनं वांगी. घरातली सगळी माणसं फुलांत, पण गोदाबाईचं नाव झालं ते पेट्या भरण्यात. गावात लग्न कोणाचंही निघो, आंदणाची भांडी, रुखवताचे लाडू, मानपानाच्या साड्या हे सारं भरायला बोलावणं तिलाच. तिनं भरलेली पेटी मेटाडोरमधून अंजनगाव-अकोटचे सगळे खड्डे खात अकोल्याला पोचली तरी आत चमचा हलत नसे. "पेटी हालवून पाहा," ती म्हणायची, "आवाज आला त मले सांगा." आवाज कोणालाच कधी आला नाही. आता त्याच पेटीतून पापडाचा डबा बाहेर काढायला दोन माणसं अन् अर्धा तास लागायचा, ही गोष्ट वेगळी. पण ती तक्रार गोदाबाईपुढे करायची कोणाची टाप होती?

तिचा एक कायदा होता. जे इतक्यात उघडायचं नाही, त्याला लाल धागा. पाच गाठी, एकीवर एक. लाल धागा दिसला की हात लावायचा नाही, आत काय म्हणून विचारायचं नाही, उगाच नाक खुपसायचं नाही. तिचा मुलगा गजेंद्र सात वर्षांचा असताना लाल धाग्याच्या डब्यातली करंजी काढायला गेला होता. आता तो पंचेचाळिशीला आला, लग्नाची पोरगी घरात आहे, तरी लाल धागा पाहिला की त्याचा हात आपोआप मागे जातो. फडताळाच्या वरच्या फळीवर एक लाल धाग्याचा डबा तर बारा वर्षांपासून बसलाय. त्यात काय आहे हे एकट्या गोदाबाईला माहीत.

नत्थुजींचा सगळा संसारच तिच्या हवाली होता. बंडी, मफलर, चष्म्याचं घर, सातबाऱ्याची नक्कल, सगळं कुठंतरी अगदी जपून ठेवलेलं. त्यांनी अंगणातून ओरडायचं, "अवं, माहा मफलर?" अन् दोन मिनिटांत मफलर हातात. मधल्या दोन मिनिटांत काय होत असे हे त्यांनी कधी पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नाही.

अन् ह्या दसऱ्याला, ऐन झेंडूच्या तोडणीत, गोदाबाई बांधावर मटकन बसली. "जरा दम घेते," म्हणाली, अन् उठलीच नाही. परतवाड्याच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्यानं काही फरक पडला नाही. मग अमरावती. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी नत्थुजी, गोदाबाई अन् गजेंद्र अशा तिघांनाही समोर बसवून सांगितलं की हाडाच्या आत रक्त तयार करणाऱ्या पेशीच बिघडल्यात. कर्करोगातलाच प्रकार, हळू चालणारा. पण सोडून दिला तर वेग धरू शकतो. दर महिन्याला सात दिवस पोटावर इंजेक्शन घ्यायचं, मधे लागेल तसं रक्त चढवायचं. "फरक दिसायला वेळ लागतो बरं का," त्या म्हणाल्या. "निदान चार वेळा घ्या. कधी कधी सहा वेळाही लागतं. तोवर कंटाळू नका." नत्थुजींनी मान हलवली. गोदाबाईनं हलवली नाही.

दोन महिन्यांत इंजेक्शनांचे दोन डाव झाले. दुसऱ्या डावानंतरचा रिपोर्ट आला तर रक्त होतं तिथंच, उलट पांढऱ्या पेशी आणखी खाली गेलेल्या. गोदाबाईनं त्या कागदाची छान चौकोनी घडी घातली, घडीवरून नख फिरवलं अन् सांगून टाकलं, "बस झालं. दोन डाव झाले, काईच नाई. आता पोटाले भोकं पाडून घेत नाई मी. आचलचं लगन होऊन जाऊ द्या, मंग पाहू."

आचल म्हणजे गजेंद्रची पोरगी, गोदाबाईची नात. तिचं लग्न अकोल्याला रविवारी होतं अन् तिसरा डाव लगेच सोमवारी सुरू व्हायचा होता. 'मंग पाहू' ह्याचा गोदाबाईच्या तोंडी एकच अर्थ होतो, हे नत्थुजी सत्तेचाळीस वर्षांत शिकले होते. अर्थ असा की, नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना हाक मारून आतल्या खोलीत नेलं.

"हे पाहा. तुमच्या बंड्या ह्या लोखंडी पेटीत, चादरीच्या खाली. चष्म्याचं घर तांदळाच्या कोठीमागं. सातबारा तांब्याच्या हंड्यात. मफलर बियांच्या डब्यामागं, निळ्या पिशवीत."

"मले कायले सांगून राहिली?"

"सांगून ठेवलेलं बरं."

नत्थुजी भोळे होते, पण एवढे नव्हते. "मले ऐकू येत नाई," असं म्हणून ते सरळ वांग्यांत निघून गेले. ऐकून घेणं म्हणजे कबूल करणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गोदाबाई कसली ऐकते! रोज सकाळी तेच. ती परीक्षा घ्यायची, "सातबारा कुठी हाये?" ते म्हणायचे, "तुले माहीत." ती करवादायची, "अवो, पन तुमाले कधी माहीत होईन?" ते चपला घालायचे. मग वावरात जाऊन वांग्याला पाणी देता देता डोळे पुसायचे, अन् कोणी पाहिलंच तर वांग्यावरच्या किडीला शिव्या द्यायचे.

शेवटी त्यांनी चोरून अमरावतीला रागिणीला फोन लावला. रागिणी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. इंजेक्शनांच्या सात दिवसांत गोदाबाईचा मुक्काम तिच्याकडेच असायचा. "पोरी," नत्थुजी म्हणाले, "तू शिकेल हायेस. तूच समजव तुह्या मोठ्या आईले. माह्यानं होत नाई." पुढचं त्यांना बोलवेना, म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

रागिणी सुट्टीच्या दिवशी आली. अंगणात हार ओवणं चाललं होतं. तिनं मोठ्या आईच्या शेजारी बसकण मारली अन् रिळाचा दोरा ओढून काढला, चांगला दोन मीटरभर.

"मोठी आई, आपल्या अंगातल्या एकेका पेशीत एवढा लांब दोरा असते. त्यावर सगळं लिहून ठेवलेलं. रक्त कसं बनवायचं, नख कसं वाढवायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं."

"अन् थे पेशी केवढी?"

"मोहरीच्या दाण्याच्या जाडीचे शंभर हिस्से कर. त्यातला एक."

गोदाबाईचे हात थांबले. दुखणं निघाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा तरतरी दिसली. "दोन मीटर? मोहरीच्या शंभराव्या हिश्शात? बाप्पा! कोनं भरला थो?"

"आपोआप भरला जातो."

"आपोआप काईच भरल्या जात नाई. मले नको सांगू."

रागिणी हसली. तिनं झेंडूची एक कळी घेऊन तिच्याभोवती दोरा गुंडाळला. "असे बारीक बारीक मणी असतात. एका मण्याला दोन वेढे, मग पुढचा मणी, त्याला दोन वेढे, असं करत करत…"

"दोन नाई," गोदाबाईनं दोरा तिच्या हातातून काढूनच घेतला. "दोन पुरे वेढे घेतले त पुढच्या मन्याकडे जाताना दोरा पलटी खाते. पावनेदोन पाह्यजेन. हे पाय."

रागिणी तोंड उघडं ठेवून पाहत राहिली. "पावणेदोनच असतात," ती हळूच म्हणाली. "जवळपास पावणेदोनच."

गोदाबाईनं नत्थुजींकडे असं पाहिलं, जशी काही युनिव्हर्सिटीनं तिला आत्ताच शाल पांघरली. नत्थुजींनाही वाटलं, चला, गाडी रुळावर आली. ते हाराची टोपली सरकवून जरा जवळ सरकले.

"आता गंमत ऐक," रागिणीला जोर चढला. "दोरा जिथं सैल, तिथलं वाचता येते. जिथं घट्ट आवळलेला, तिथलं वाचता येत नाही. अन् ते बरोबरच आहे. डोळ्याच्या पेशीला नख वाढवायची माहिती कशाला पाहिजे? म्हणून ती तिथं आवळून ठेवलेली असते. वरून बारीकशी खूणही असते, इथं उघडू नका म्हणून."

"लाल धागा," गोदाबाई म्हणाली.

"अगदी लाल धागा! पण तुझ्या रक्ताच्या पेशींत काय झालं, 'आता थांब, नीट मोठी हो' असं जिथं लिहिलंय ना, तिथंच ह्या खुणा जाऊन बसल्या. अक्षर पुसलं नाही, दोरा तुटला नाही. आवळला गेला, म्हणून वाचता येत नाही. अन् ती पेशी दुसरी पेशी बनवते तेव्हा ती खूण पण जशीच्या तशी पुढं देते. आणखीही काही बिघाड असतील, मी सारा दोष ह्याच्यावर टाकत नाही. पण हा मोठा आहे. हे इंजेक्शन नव्या पेशींवर त्या खुणा उमटू देत नाही. म्हणून वेळ लागते."

एवढं सुंदर कॉलेजातही तिनं कधी समजावलं नसेल. पण गोदाबाईची भुवई चढली होती.

"म्हंजे घट्ट भरल्यानं रोग झाला, असं म्हनून राहिली तू?"

"तसं नाही, मोठी आई…"

"तसंच! सत्तेचाळीस वर्ष म्या गावाच्या पेट्या भरल्या. एक बशी फुटली नाई. अन् माह्याच रक्तात भरनी चुकली? कोनाले सांगून राहिली हे? सैल भरलं म्हंजे चांगलं काय?"

"सैल झालं तरी रोगच होतो. जे बंद पाहिजे ते उघडं पडलं तर तेही…"

"मंग! घट्टच बरं." असं म्हणून तिनं हाराची गाठ अशी काही आवळली की तो हार पुढं विकत घेणाऱ्याला कात्रीनंच सोडवावा लागला असणार. अन् ती उठून आत गेली.

नत्थुजींनी कपाळावर हात मारला. "पोरी, दुसरं कायतरी उदाहरन नव्हतं काय तुह्याजवळ? भाकरीचं सांगायचं, ट्रॅक्टरचं सांगायचं. तू तिच्या पेटीतच काहून हात घातला?"

रागिणी बिचारी झेंडूची कळी हातात घेऊन बसली होती. रोग राहिला बाजूला, अपमान मोठा झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी भरणी निघाली. अकरा नग भरायचे होते. गजेंद्र म्हणाला, "आई, आम्ही भरतो, तू फक्त सांग." तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेवढं त्याला पुरलं. एकेक पेटी भरायची, मधे भिंतीला टेकून दम घ्यायचा, पुन्हा भरायची, असं चाललं. ओठ पांढरे पडलेले. शेवटी राहिली दोन गठुडी, दोन्ही पांढऱ्या कापडाची, दोन्ही सारखीच. एकात आचलच्या सासरी द्यायच्या चादरी. दुसऱ्यात मांडवात लागायचं सामान, अन् त्यातला मुख्य म्हणजे अंतरपाट.

हा अंतरपाट साधासुधा नव्हता. नत्थुजी अन् गोदाबाईच्या मधे सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जो धरला होता, तोच हा. मधे कुंकवाचं स्वस्तिक, आता पार फिकं झालेलं. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात हाच. आचलनं तर आधीच बजावून ठेवलं होतं, "आजी, मले तुहाच अंतरपाट पाह्यजे. दुसरा धरला त मी उभीच राहत नाई."

"जरा पड ना वं," नत्थुजी म्हणाले. "गठुड्यांचं मी पाहतो."

"बोलू नोका," ती म्हणाली. "माही गिनती चुकते."

रविवारी सकाळी मेटाडोर अकोल्याला पोचला. मंगल कार्यालयात सामान उतरलं. लाल धाग्याचं गठुडं गोदाबाईनं नत्थुजींच्या हवाली केलं. "ह्यावर बसा. सासरी जाऊनच उघडाचं. कोनाले हात लावू देऊ नोका." नत्थुजी मांडवाच्या कोपऱ्यात गठुड्यावर बसले. मऊ होतं, उंचीही बरी होती. ह्या वयात लग्नात एवढं सोपं काम कोणाला मिळतं?

मुहूर्त अकरा सत्तेचाळीसचा. साडेअकराला भटजींनी अंतरपाट मागितला. गजेंद्रनं बिनधाग्याचं गठुडं उघडलं, तर आतून निघाल्या सहा चादरी. गुलाबी, फुलाफुलांच्या.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. पेट्या उघडल्या. उघडल्या म्हणजे काय, गोदाबाईच्या पेट्या त्या! एक ताट ओढलं की बाकीची बारा हट्टाला पेटायची. परातीत कढई, कढईत पातेली, पातेल्यात वाट्या, वाटीत गोळा केलेला रुमाल. रुमाल झटकला, त्यातून निघाली सुपारी. अंतरपाट काही निघेना. नशीब एवढंच की नवरदेव कुलदीपची वरात अजून रस्त्यावरच होती अन् त्याचे दोस्त डीजेपुढं नाचता नाचता पुढं सरकायचं नाव घेत नव्हते. एरवी त्यांना शिव्या घालणारा गजेंद्र आज दारात जाऊन म्हणाला, "नाचा, नाचा, आरामानं येजा."

रागिणी धावत नत्थुजींकडे आली. "मोठे बाबा, तुम्ही कशावर बसले आहात?"

"लाल धागा हाये," नत्थुजींनी पहारेकऱ्याच्या आवाजात सांगितलं.

रागिणीनं हात पुढं केला होता, तो मागे घेतला. एवढी शिकलेली पोरगी, पण वाढली त्याच घरात ना!

गोदाबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. "नीट पाहा! तुमाले सापडत नाई म्हंजे नाई काय?" तेवढ्यात मागून कोणीतरी पाहुणी दुसरीला म्हणाली, "हरवला असन. आजकाल गोदाबाईचं पहिल्यासारखं नाई राह्यलं." गोदाबाईनं ऐकलं. नत्थुजींनीही ऐकलं, अन् त्या पाहुणीला गठुड्यासकट उचलून अकोला स्टेशनात नेऊन सोडावं असं त्यांना वाटलं.

मग आचलच बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली, डोळे भरलेले. "राहू दे आजी. भटजी म्हनतात साधी चादर चालते. तू नको टेन्शन घेऊ."

गोदाबाई बोटांवर मोजायला लागली. पहिली पेटी, दुसरी पेटी, कशावर काय, कशाच्या आत काय. बोटं एकेक पेर पुढं सरकत होती. शेवटच्या दोन पेरांवर ती थांबली. तिनं मान वर करून नत्थुजींकडे पाहिलं. मग नत्थुजींच्या खाली पाहिलं.

ती उठली, भिंतीचा आधार घेत त्यांच्यापाशी आली अन् हळूच म्हणाली, "अवो. उठा."

"लाल धागा हाये."

"उठा म्हनते ना!"

नत्थुजींना तिच्या चेहऱ्यावरून सगळं समजलं. सत्तेचाळीस वर्षांत हा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. ते वाकून तिच्या कानात म्हणाले, "तू काई बोलू नोको. धागा म्याच बांधला म्हनून सांगून देतो."

हे बोलणं गोदाबाईच्या मनात भरलं होतं, उगाच कशाला लपवा! पण ज्या माणसाला आपल्या पायजम्याची नाडी ओवता येत नाही, त्यानं गठुड्याला पाच गाठी मारल्या यावर अख्ख्या परतवाड्यात कोण विश्वास ठेवणार? अन् त्या पाहुणीचं 'हरवला असन' अजून तिच्या कानात होतं. ती सरळ उभी राहिली अन् मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धागा म्याच बांधला. चुकीच्या गठुड्याले बांधला. अंतरपाट ह्याच्यात हाये. कुठी गेला नाई, फाटला नाई. धाग्यापायी कोनाले दिसला नाई."

गजेंद्र चाट पडला. आई चुकली हे त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तो स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आला.

"थांब!" गोदाबाई ओरडली. "सुरी आत घुसली त अंतरपाट कापल्या जाईन. हे कापाचं काम नाई, सोडवाचं हाये."

ती तिथंच खाली बसली. रागिणी समोर बसली. एकीची बोटं अन् दुसरीची नखं, पहिली गाठ सुटायला दोन मिनिटं गेली. दुसरीला तीन. बाहेर डीजे कार्यालयाच्या गल्लीत शिरला होता. गठुडं जसंच्या तसं होतं, कोपरासुद्धा ढिला झाला नव्हता.

"आई, काप ना वं!" गजेंद्रचा धीर सुटला. "दोन सुटल्या तरी काईच फरक नाई."

"येड्या, पाच मारल्या त दोनात कसं उघडन?" गोदाबाई खेकसली. "दोन सुटल्यावर काईच दिसत नसते. म्हनून का सोडून द्याचं…"

अन् ती थांबली.

रागिणीनं मान वर केली, पण कधी नव्हे ती प्राध्यापकीणबाई तोंड मिटून बसली. शहाणी पोरगी! गोदाबाई दोन सुटलेल्या गाठींकडे पाहत होती.

"रागिणी," ती म्हणाली, "त्या डॉक्टरीनबाईनं किती म्हनले होते?"

"चार तरी. कधी सहा."

"अन् माहे झाले किती?"

"दोन."

"हं," गोदाबाई म्हणाली, अन् तिनं तिसऱ्या गाठीला नख लावलं.

तिसरी सुटली. चौथी सुटली तेव्हा गठुड्यानं पहिल्यांदा अंग सैल सोडलं. पाचवी सुटली अन् वरच अंतरपाट होता, फिकं स्वस्तिक वर करून ठेवलेला, एक सुरकुती नाही. आचलनं आजीच्या गळ्यात पडून मुंडावळ्यांचं पार वाटोळं केलं. मुहूर्त गाठला की चुकला ते भटजींनाच ठाऊक. त्यांनी घड्याळ बाहीत सरकवून मंगलाष्टक सुरू केलं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, अन् नत्थुजी वांग्याच्या किडीचं निमित्त न सांगता सगळ्यांसमोर रडले.

जेवणं उरकत आली तेव्हा रागिणी मोठ्या आईजवळ येऊन बसली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मोठी आई, एक सांगून ठेवते. चार-पाच वेळा घेऊनही काहींचं नाही सुटत. मी खात्री देत नाही."

"सुटते का नाई थे सोडून पाह्यल्याबिगर कसं समजन?" गोदाबाई म्हणाली, अन् पानातला शेवटचा बुंदीचा लाडू नत्थुजींच्या पानात सरकवला.

सोमवारी सकाळी परतवाड्यात चांगलीच थंडी होती. नत्थुजी मागे राहणार होते, वावरात झेंडू तोडणीला आला होता. रागिणी फाटकाशी ऑटो थांबवून उभी होती. गोदाबाईनं सात दिवसांची पिशवी भरली होती, अन् नत्थुजींनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, पिशवीची चेन अर्धी उघडी होती. "रागिणीले काई काढाचं असन त सापडलं पाह्यजे," ती म्हणाली, जशी काही आयुष्यभर असंच भरत आली होती.

ती फाटकापर्यंत गेली. नत्थुजींनी कान चोळत अंगणातून हाक मारली. "अवं, माहा मफलर कुठी हाये?"

गोदाबाईनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाई सांगत."

"म्हंजे? थंडी वाजून राहिली ना!"

"वाजू द्या. सात दिवसांनी मी येऊन राहिली ना? तवा मीच काढून देते."

ऑटो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत नत्थुजी फाटकाशी उभे होते. मफलर बियांच्या डब्यामागं, निळ्या पिशवीत. बंड्या लोखंडी पेटीत चादरीखाली, चष्म्याचं घर कोठीमागं, सातबारा हंड्यात. तिनं सांगितलेला एकूणएक शब्द त्यांना पाठ होता. आत जाऊन ते बियांच्या डब्यापाशी क्षणभर थांबले, अन् तसेच बाहेर आले. सात दिवस ते कानाला टॉवेल गुंडाळून हिंडले, अन् कोणी विचारलं तर सांगायचे, काय करता बापा, मफलर सापडत नाही.